दुसऱ्या मालकाची गाडी

बनारसच्या घाटांच्या समोर, गंगेच्या पूर्व काठावर रामनगरचा किल्ला आहे. राजा बलवंत सिंहाने तो अठराव्या शतकाच्या मध्यास चुनारच्या दगडात बांधला. किल्ल्यातल्या संग्रहालयात काशीनरेशांच्या पालख्या, हत्तीवरचे हौदे, तलवारी-बंदुका आणि जुन्या मोटारी मांडल्या आहेत. मोटारींपुढे माणसे थांबतात, किंमत विचारतात, कुठल्या महाराजांनी कधी आणली ते विचारतात. ती रस्त्यात किती वेळा बंद पडत असे, हे मात्र कोणी विचारत नाही. विचारण्याचे कारणही नाही. ज्याच्या पागेत घोडे, हत्तीखान्यात हत्ती आणि शेजारी दुसरी मोटार उभी आहे, त्याचे एक गाडी बंद पडल्याने काही अडत नाही.

किल्ल्यापासून पायी जाण्याच्या अंतरावर, रामनगरच्या गल्लीत दुसरे एक घर आहे. ते लालबहादूर शास्त्रींचे वडिलोपार्जित घर. आता तेही संग्रहालय झाले आहे. शास्त्रीजी पंतप्रधान असताना घरच्यांच्या आग्रहावरून त्यांनी फियाट घेतली. किंमत बारा हजार. घरात सात हजार होते. उरलेल्या पाच हजारांसाठी त्यांनी पंजाब नॅशनल बँकेचे कर्ज काढले. जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला त्यांचे निधन झाले तेव्हा ते कर्ज फिटलेले नव्हते. ललितादेवींनी ते आपल्या पेन्शनमधून फेडले. ही फियाट कुर्ल्याची. वालचंद हिराचंदांनी उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये ती बनली होती. सोलापूरच्या उद्योजकाने मुंबईत काढलेल्या कारखान्यातली गाडी रामनगरच्या माणसाने हप्त्यांवर घेतली होती. गाडी भरवशाची आहे का, हा प्रश्न अशा घरात पडतो, कारण तिथे गाडी नादुरुस्त झाली म्हणून हप्ता थांबत नाही.

आलिशान गाड्यांच्या भरवशाविषयी आपण जे काही वाचतो, ते बहुतेक किल्ल्यातल्या बाजूने लिहिलेले असते. एखाद्या कंपनीच्या चार मॉडेलांची तुलना होते, गुण दिले जातात, पहिला-दुसरा क्रमांक ठरतो. गाडी नवी असते, वॉरंटीत असते, आणि जो मालक उत्तरे देतो त्याच्याकडे बहुधा दुसरी गाडी असते. मला ही तुलना उलट्या बाजूने झालेली हवी आहे. आलिशान गाडीचा भरवसा तिच्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे जाऊन मोजला पाहिजे. पहिला मालक गाडीचा तोरा विकत घेतो. तिच्यातला अभियांत्रिकीचा खरा दर्जा किंवा खरी त्रुटी पुढच्या मालकाच्या वाट्याला येते.

भरवशाची जाहीर परीक्षा घेण्याची कल्पना नवी नाही. १९०७ साली रोल्स रॉइसने आपली ४०/५० अश्वशक्तीची नवी गाडी इंग्लंडमधल्या मोटार क्लबच्या देखरेखीखाली रस्त्यावर काढली. हीच पुढे ‘सिल्व्हर घोस्ट’ म्हणून ओळखली गेली. लंडन-ग्लासगो अशा फेऱ्या रात्रंदिवस सुरू राहिल्या. ६२९ मैलांवर पेट्रोलची तोटी हादऱ्याने आपोआप बंद झाली आणि गाडी मिनिटभर थांबली. त्यानंतर ती १४,३७१ मैल कुठल्याही बिघाडाने थांबली नाही. पंधरा हजार मैल झाल्यावर निरीक्षकांनी ती पूर्ण उघडली, झिजलेला प्रत्येक भाग तपासला आणि गाडी पुन्हा नव्यासारखी करायला किती खर्च येईल ते लिहून काढले. तो दोन पौंडांच्या थोडा वर निघाला. आजच्या कोणत्याही जाहिरातीपेक्षा मला ही परीक्षा मोठी वाटते. गाडी थांबली ती तोटीमुळे, हे लपवले नाही. शेवटी इंजिन उघडून दाखवले. दुरुस्तीचा खर्च हा निकालाचाच भाग मानला.

त्याच कंपनीचे त्याआधीचे सहा सिलिंडरचे ३० अश्वशक्तीचे मॉडेल आठवले की तुलनेला अर्थ येतो. त्या इंजिनाच्या लांब क्रँकशाफ्टला पीळ पडून कंप सुटत असे आणि शाफ्ट तुटत असे. हेन्री रॉइसने ४०/५० साठी जाड शाफ्ट आणि सात बेअरिंग घेतली, प्रज्वलनाच्या दोन वेगवेगळ्या व्यवस्था बसवल्या. नाव एक, कारखाना एक, माणसे तीच, आणि दोन मॉडेलांच्या भरवशात जमीन-अस्मानाचे अंतर. तीस वर्षांनी आलेल्या फँटम थ्रीमध्ये बारा सिलिंडरचे इंजिन आणि हायड्रॉलिक टॅपेट होते. तेल स्वच्छ असेपर्यंत ते इंजिन आवाजही करत नसे. तेल गढूळ झाले की टॅपेट अडत. ड्रायव्हर, मेकॅनिक आणि तेलाचा डबा वेळेवर हजर असलेल्या घरात ती उत्तम गाडी होती. पुढच्या मालकांना तिने दमवले.

१९०८ मध्ये सिल्व्हर घोस्ट आपल्याकडे आली आणि मुंबई-कोल्हापूरच्या सुमारे ६२० मैलांच्या चाचणीत उतरली. सह्याद्रीचे घाट चढत-उतरत तिने ती जिंकली. ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाची ती गाडी ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी घेतली आणि त्यानंतर हिंदुस्थानी संस्थानिकांत रोल्स रॉइसची ओढ लागली. या ओढीची कथा नेहमी हिऱ्या-मोत्यांच्या अंगाने सांगितली जाते. तिची सुरुवात घाटातल्या चढणीवर, धुळीत झाली होती, ही गोष्ट महाराष्ट्राने तरी विसरू नये. ज्या कोल्हापूरच्या रस्त्यावर ती परीक्षा झाली, तिथल्या छत्रपतींकडे पुढे जर्मन मेबॅक आली. दसऱ्याच्या सीमोल्लंघनाला ती आजही दसरा चौकात येते. वर्षातून एकदा, हळू चालीने, हजारो डोळ्यांसमोर. ती चालते याचे श्रेय जर्मन कारखान्याला जेवढे, तेवढेच तिला पिढ्यान् पिढ्या जपणाऱ्या कोल्हापुरी हातांना आहे.

आता पुण्याकडे वळतो, कारण आपल्याकडच्या आलिशान गाडीची गोष्ट मुख्यतः पुण्याची आहे. मर्सिडीज-बेंझने १९९४ मध्ये भारतात कंपनी काढली आणि टाटांच्या टेल्कोच्या साथीने १९९५ मध्ये डब्ल्यू-१२४ ही ई-क्लास पुण्यात जोडायला सुरुवात केली. त्याच वर्षी जर्मनीत तिची जागा घेणारी डब्ल्यू-२१० आली. आपल्याला जुने मॉडेल दिले म्हणून तेव्हा पुष्कळांना राग आला होता. तीस वर्षांनी पाहता तो राग चुकीच्या जागी होता असे म्हणावे लागते. या एकाच घराण्यातली चार मॉडेले शेजारी ठेवली की भरवसा कसा वाढतो आणि कसा गमावला जातो ते दिसते.

पहिली डब्ल्यू-१२३, १९७६ ते १९८५-८६. सत्तावीस लाखांच्या आसपास गाड्या बनल्या. जाड पत्रा, साधी वायरिंग, मंद पण अजस्र सहनशक्तीचे डिझेल इंजिन. तिच्या २४० डी मधले ओएम-६१६ हे चार सिलिंडरचे इंजिन आकुर्डीच्या बजाज टेम्पोने परवान्यावर घेतले आणि ट्रॅव्हलर-ट्रॅक्समध्ये बसवले. म्हणजे जर्मनीत जे इंजिन डॉक्टर-वकिलांच्या गाडीत होते, ते आपल्याकडे वडापच्या ट्रॅक्समध्ये पंधरा-पंधरा माणसे भरून वाडी-वस्तीवर गेले. गावच्या नाक्यावरच्या मिस्त्रीने ते उघडले, बांधले, पुन्हा चालू केले. मर्सिडीजच्या भरवशाचा मी पाहिलेला सर्वांत मोठा पुरावा हाच. कुठल्याही सर्वेक्षणात तो नोंदलेला नाही, कारण ट्रॅक्सच्या चालकाला कोणी प्रश्नावली पाठवत नाही.

ग्रीसमधल्या थेस्सालोनिकीच्या एका टॅक्सीवाल्याने त्याआधीच्या पिढीची २४० डी सेहेचाळीस लाख किलोमीटर चालवली आणि २००४ मध्ये ती मर्सिडीजच्या संग्रहालयाला दिली. हा आकडा नेहमी गाडीच्या कौतुकासाठी सांगितला जातो. त्या माणसाने इंजिने आलटून-पालटून वापरली, एक गाडीत असताना दुसरे बांधून तयार ठेवले, हे मात्र मागे राहते. सेहेचाळीस लाख किलोमीटर इंजिन बदलता येणाऱ्या गाडीचे आहेत आणि ते बदलणाऱ्या माणसाचेही आहेत.

दुसरी डब्ल्यू-१२४. बांधणीच्या दृष्टीने कदाचित सर्वांत विचारपूर्वक केलेली. तरी तिच्या शेवटच्या वर्षांत इंजिनाच्या वायरिंगचे आवरण असे निघाले की उष्णतेने ते भुगा होऊन गळत असे. आवरण गळले की तारा एकमेकींना भिडतात, इंजिन अडखळते, आणि दोष कुठे आहे ते शोधण्यात दिवस जातात. तिसरी डब्ल्यू-२१०. गोल दिव्यांची, दिसायला नवी, आणि गंजणारी. पूर्वीच्या मर्सिडीजचा पत्रा दशके टिके, हिच्या दाराच्या कडांना आणि चाकांवरच्या कमानींना काही वर्षांतच गंज फुटू लागला. चौथी डब्ल्यू-२११, २००२ ची. तिच्यात ब्रेकच्या पायाचा आणि चाकाचा थेट संबंध तोडून मधे इलेक्ट्रॉनिक्स आणि पंप आणला गेला. त्या पंपाला ब्रेक किती वेळा दाबला याची मोजदाद ठेवता येते आणि ठरलेली संख्या भरली की तो बदलायला सांगतो. २००४ मध्ये या ब्रेकसाठी सहा लाख ऐंशी हजार, आणि २००५ मध्ये ब्रेक व इतर विद्युत दोषांसाठी तेरा लाख गाड्या कंपनीला परत बोलवाव्या लागल्या. २००६ च्या सुधारित ई-क्लासमध्ये ही ब्रेकव्यवस्था काढून टाकली गेली.

या चार मॉडेलांना एकाच तक्त्यात गुण द्यायचे तर कोणत्या वयाला द्यायचे? तीन वर्षांच्या वयात डब्ल्यू-१२४ ची वायरिंग शाबूत आहे, डब्ल्यू-२१० चा पत्रा चकचकीत आहे, डब्ल्यू-२११ च्या पंपाची मोजदाद कुठेच भरत आलेली नाही. तीन वर्षांत सगळ्या उत्तीर्ण. बारा वर्षांत एकीची वायरिंग, दुसरीचा पत्रा, तिसरीचा ब्रेक पंप. आणि बाराव्या वर्षी गाडी पहिल्या मालकाकडे क्वचितच असते.

नावाजलेली सर्वेक्षणे या ठिकाणी अपुरी पडतात, आणि मी हे त्यांना नाकारण्यासाठी म्हणत नाही. अमेरिकेत जे.डी. पॉवर ही संस्था तीन वर्षे वापरलेल्या गाड्यांच्या मालकांना विचारून दर शंभर गाड्यांमागे किती तक्रारी ते सांगते. त्यात फोन गाडीच्या पडद्याला जोडला जात नाही ही एक तक्रार आणि गिअरबॉक्स निकामी झाला ही दुसरी एक तक्रार. मोजणीत दोघींचे वजन सारखे. जर्मनीची टीयूव्ही ही संस्था दुसरे काम करते. तिथे गाडी तीन वर्षांची झाली की आणि पुढे दर दोन वर्षांनी सक्तीची तपासणी होते, तिचे निष्कर्ष मॉडेलवार आणि वयोगटवार छापले जातात. हा प्रकार मला जास्त पटतो. तरी त्यातही पोर्श ९११ वारंवार वरच्या क्रमांकावर येते याचा अर्थ जपून लावावा लागतो. पोर्श ९११ उत्तम बांधलेली आहे यात शंका नाही. पण ती कमी चालते, बंद गॅरेजात राहते, आणि तिचा मालक किरकोळ आवाजालाही सर्व्हिसला नेतो. टीयूव्ही सरासरी किलोमीटरही छापते, म्हणून वाचणाऱ्याला हे समजून घेता येते. भरवसा सांगणाऱ्या प्रत्येक आकड्याशेजारी किलोमीटर, वय आणि देखभालीचा खर्च छापल्याशिवाय तो अर्धवटच राहतो.

देखभालीचा उल्लेख आला की रामनगरातच परत यावे लागते. इथली रामलीला साधारण दोनशे वर्षे चालत आली आहे. एकतीस दिवस, एकाच रंगमंचावर नाही तर गावभर पसरलेल्या अयोध्या, जनकपूर, लंकेच्या जागांवर. विजेचे दिवे नाहीत, ध्वनिक्षेपक नाही. पेट्रोमॅक्स आणि मशालींच्या उजेडात व्यास हातातल्या पोथीतून संवाद सांगतात, रामायणी रामचरितमानस गातात, काशीनरेश हत्तीवरून येतात. पेट्रोमॅक्स कुठल्याही क्षणी फडफडू शकतो, पण तो नीट करणारा माणूस तिथेच असतो. ही लीला भरवशाने होते ती तिच्या साधनांमध्ये दोष नाहीत म्हणून नव्हे. साधन सांभाळणाऱ्या माणसांची साखळी तुटलेली नाही, म्हणून. मोटारीला हेच लागू आहे. कुर्ल्याची फियाट, पुढे पद्मिनी, काही अतिविश्वासार्ह गाडी नव्हती. घाटात तापत असे, कार्ब्युरेटर अडत असे, दाराच्या कड्या ढिल्या होत. तरीही मुंबईत काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत धावली. शेवटची टॅक्सी ताडदेवला २००३ च्या ऑक्टोबरमध्ये नोंदली गेली होती आणि वीस वर्षांची मुदत भरल्यामुळे ती गेली. झिजून गेली नाही. तिचा प्रत्येक भाग मिळत होता आणि तो बसवणारा हात शहराच्या प्रत्येक वस्तीत होता.

आलिशान गाडीच्या बाबतीत ही साखळी मुद्दाम तोडली जाते, आणि माझी खरी तक्रार इथे आहे. आजच्या गाडीत दोष शोधायचा तर कंपनीचे निदानयंत्र लागते. नवा सुटा भाग बसवला तरी गाडीच्या संगणकाने तो ओळखावा म्हणून त्याची नोंद करावी लागते, ती बाहेरच्या गॅरेजला सहज करता येत नाही. एअर सस्पेन्शनच्या रबरी फुग्याला बारीक चीर पडली तर हवा गळते. मग कॉम्प्रेसर भरून काढण्यासाठी जास्त वेळ चालत राहतो आणि शेवटी जळतो. चीर लवकर सापडली तर खर्च मर्यादित राहतो. खड्ड्यांच्या रस्त्यावर, चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या उन्हात, जवळ निदानयंत्र नसलेल्या गावात ती लवकर सापडत नाही. डिझेलच्या धुरातली काजळी जाळणाऱ्या फिल्टरसाठी गाडीला अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर लांब पळावे लागते. बनारसच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकणाऱ्या गाडीला ते मिळत नाही आणि फिल्टर तुंबतो. म्युनिक किंवा श्टुटगार्टच्या रस्त्यावरचा भरवसा इथे तसाच उतरत नाही.

आणि अशा गाड्या इथे येतात. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्यानंतर दिल्लीतल्या जुन्या आलिशान डिझेल गाड्या ना-हरकत दाखल्यावर मूळ किमतीच्या छोट्याशा अंशात इतर जिल्ह्यांत, इतर राज्यांत विकल्या जाऊ लागल्या. दिल्लीहून कोलकात्याकडे जाणारा महामार्ग रामनगरजवळून जातो. अशी गाडी लग्नाच्या मोसमात वरातीला लावता येईल, धंद्यात चार माणसे मान देतील, म्हणून कर्ज काढून घेणारा माणूस आपल्याकडे कमी नाही. तो मूर्ख नसतो. त्याच्या हाती माहितीच नसते. विक्रेता म्हणतो, जर्मन गाडी आहे, काही होत नाही. शेजारी म्हणतो, हात लावू नकोस. दोघेही ऐकीव बोलतात, आणि त्या दोघांच्या मधे पुढची चार-पाच वर्षे हप्ते फेडणारा एक माणूस उभा असतो.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो गंभीर आहे. गुंतागुंत वाढली म्हणूनच गाडी सुरक्षित झाली. १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये चाके घसरू न देणारी एबीएस ब्रेकव्यवस्था आली, १९८१ मध्ये एअरबॅग आली. तेव्हा त्या धनिकांच्या वस्तू होत्या. २०१९ पासून एबीएस आपल्याकडे नव्या छोट्या मोटारीतही सक्तीची झाली. आलिशान गाडीने नवे प्रयोग केले नसते तर हे झाले नसते. मला हे मान्य आहे, आणि म्हणूनच मी साध्या गाडीकडे परत चला असे म्हणत नाही. डब्ल्यू-१२३ मध्ये आज माझ्या घरच्या माणसांना बसवून मी महामार्गावर रात्री निघणार नाही. पण एबीएस वर्षानुवर्षे टिकली, स्वस्त झाली, गावातल्या मेकॅनिकला समजली, म्हणून ती सर्वांपर्यंत पोचली. डब्ल्यू-२११ मधली ब्रेकव्यवस्था टिकली नाही, म्हणून कंपनीनेच ती सोडली. कोणता प्रयोग लोकांपर्यंत पोचावा हे पहिल्या मालकाच्या आनंदाने ठरत नाही. दहाव्या-बाराव्या वर्षी तो भाग कसा वागतो यावर ते ठरते.

आपल्याकडे मागण्या करायला जागा आहे. गाडी परत बोलवण्याची मोटार उद्योगाची २०१२ ची संहिता ऐच्छिक होती. २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने सरकारला दोष असलेल्या गाड्या परत बोलवायला लावण्याचा अधिकार दिला. नोंदणीची बहुतेक माहिती आता वाहन पोर्टलवर आहे. व्यावसायिक वाहनांची फिटनेस तपासणी नियमित होते, तपासणी केंद्रे यांत्रिक होत आहेत, आणि खासगी गाडीला पंधरा वर्षांनी पुनर्नोंदणीच्या वेळी तपासणीला जावे लागते. या तपासण्यांत कोणत्या मॉडेलची कोणती गोष्ट किती किलोमीटरला नापास झाली, हे मालकाचे नाव वगळून दर वर्षी छापता येईल. त्यासाठी नवी संस्था लागत नाही. कंपन्यांकडून दुसरी गोष्ट मागावी लागेल. मॉडेल बंद झाल्यावर सुटे भाग किती वर्षे मिळतील ते गाडी विकतानाच लेखी द्यावे, आणि बाहेरच्या मेकॅनिकला निदानयंत्र व दुरुस्तीची माहिती रास्त किमतीत उपलब्ध करावी. चाकणमध्ये गाड्या जोडणाऱ्या कंपनीला बनारसच्या लंका चौकातल्या मेकॅनिकपर्यंत ही माहिती पोचवणे अवघड नाही. अडचण तंत्राची नाही. सर्व्हिसच्या उत्पन्नाची आहे, आणि कंपन्यांनी ते उघडपणे सांगितले तर निदान वाद स्पष्ट होईल.

तोवर घेणाऱ्याला काही गोष्टी स्वतः कराव्या लागतील. एकाच नावाची दोन मॉडेले समोर असली तर पहिल्या तीन वर्षांचे गुण पाहू नयेत. त्या मॉडेलचे शेवटचे उत्पादनवर्ष पाहावे, कारण सुरुवातीचे दोष तोवर बहुधा निघून गेलेले असतात, पण डब्ल्यू-१२४ सारखे काही नवे दोष शेवटीही शिरतात. गाडीचा सर्व्हिसचा इतिहास पाहावा, ब्रेक, सस्पेन्शन आणि गिअरबॉक्स या तीन गोष्टींची दुरुस्ती आपल्या गावात कोण करतो ते विचारावे, आणि त्याचे दर आधी लिहून घ्यावेत. कोणी करत नसेल तर दिल्लीहून आलेली स्वस्त गाडी घेऊ नये, तिच्या बॉनेटवर कुठलाही तारा असो.